कोटीच्या इलेक्ट्रिक गाडीत वेगळं काय असतं? विट्याहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या विट्याहून आला आहे. विचारणारे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, व्यवसायात आहेत. सध्या नेक्सॉन ईव्ही चालवतात, तिच्यावर खूश आहेत आणि आता पोर्शे टायकन, ऑडी ई-ट्रॉन जीटी, मर्सिडीज ईक्यूएस किंवा बीएमडब्ल्यू आय७ यांपैकी एक घ्यायच्या विचारात आहेत. त्यांना दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. या गाड्यांत असं काय असतं की त्यासाठी दहापट पैसे मोजावेत? आणि अशी गाडी विट्यात ठेवून नीट चालेल का? मी सांगलीत, कुपवाड एमआयडीसीत, हाय व्होल्टेज बॅटरी आणि इन्व्हर्टरची (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या भागाची) कामं करतो. त्याआधी बरीच वर्षं पुण्याकडे याच कामात होतो. जे हाताखालून गेलंय त्यावरून सांगतो.

आधी सेकंदांचा विषय घेऊ, कारण शोरूममध्ये तुम्हाला तोच पहिला ऐकवतील. पोर्शे टायकन टर्बो एस २०१९ साली आली, तेव्हा ती शून्यावरून १०० ला २.८ सेकंदांत जायची. तुमची ४५ युनिट बॅटरीची नेक्सॉन हाच वेग नऊ सेकंदांच्या आसपास गाठते. आता हिशोब बघा. टायकनचं वजन साधारण २,३०० किलो. एवढं वजन १०० च्या वेगाला न्यायला लागणारी ऊर्जा जेमतेम पाव युनिट भरते, म्हणजे घरच्या बिलात दोन-तीन रुपये. ऊर्जा थोडीच लागते. ती २.८ सेकंदांत बाहेर काढायची म्हटलं की बॅटरीकडून सरासरी तीनशे किलोवॅटच्या वर मागणी होते, आणि ऐन भरात ती टर्बो एसमध्ये ५६० किलोवॅटपर्यंत जाते. तिच्या बॅटरीची क्षमता ९३.४ युनिट. म्हणजे क्षमतेच्या सहापट वेगाने, तासाभरात सहा वेळा रिकामी होईल इतक्या जोरात, बॅटरीतून वीज निघत असते. नेक्सॉनमध्ये हेच प्रमाण अडीचपटीच्या आत राहतं.

इतक्या जोरात करंट ओढला की प्रत्येक सेल आतून तापतो. सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. केबलमध्ये तेच, बसबारच्या (करंट नेणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) जोडात तेच, इन्व्हर्टरमध्ये आणि मोटरच्या तांब्यातही तेच. एकदा जोरात पळणं आज स्वस्तातल्या इलेक्ट्रिक गाड्यांनाही जमतं. पण तिसऱ्या-चौथ्या वेळेस गाडीचा मेंदू, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, स्वतःहून पॉवर कापते. आम्ही म्हणतो गाडी डिरेट झाली. मला विचाराल तर तुमच्या कोटी रुपयांपैकी मोठा वाटा ती डिरेट होऊ नये यासाठी जातो. तुमच्या धंद्यात हे वेगळं सांगायला नको: भट्टी एकदा लाल करणं कुणालाही जमतं, दिवसभर एकाच तापमानावर धरून ठेवणं हे कारागिराचं काम.

पोर्शेने बाजारात आणण्याआधी जर्मनीत लाहरच्या धावपट्टीवर टायकनला शून्य ते २०० असं सलग २६ वेळा पळवून दाखवलं होतं. सर्वांत जलद आणि सर्वांत संथ धावेत फरक ०.८ सेकंदाचा. माझ्या मते २.८ पेक्षा हा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. एका धावेत गाडीची ताकद कळते, सव्वीस धावांत तिचा दम कळतो.

हा दम येतो कुठून? पहिली गोष्ट व्होल्टेज. टायकन आणि तिची भावंड असलेली ऑडी ई-ट्रॉन जीटी ८०० व्होल्ट पद्धतीवर आहेत. तितकीच पॉवर दुप्पट व्होल्टेजवर पाठवली तर करंट निम्मा लागतो, आणि त्याच जाडीच्या तारेत उष्णता चौथाई राहते. ५६० किलोवॅटला टायकनची बॅटरी साडेसातशेच्या वर अँपिअर देत असते. ४०० व्होल्टला हाच आकडा चौदाशेच्या पुढे गेला असता, केबल मनगटाएवढी करावी लागली असती आणि तिचं वजन गाडीनेच वाहिलं असतं. मात्र ८०० व्होल्ट म्हणजेच लक्झरी असा अर्थ काढू नका. ह्युंदाईची आयोनिक ५ आणि कियाची ईव्ही६ या गाड्याही त्याच पद्धतीच्या आहेत. उलट मर्सिडीज ईक्यूएस ५८० आणि बीएमडब्ल्यू आय७ या ४०० व्होल्टच्या, आणि त्यांच्या कामात त्या अव्वल आहेत.

दुसरी गोष्ट बॅटरीचं थंडीकरण, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण चांगली आणि साधारण गाडी मला इथेच ओळखू येते. गाडी आली, स्कॅनर लावला की मी आधी दोनच आकडे बघतो. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेज दाखवणाऱ्या सेलमध्ये किती फरक आहे, आणि सर्वांत गरम आणि सर्वांत थंड मॉड्यूलच्या (सेलच्या गठ्ठ्याच्या) तापमानात किती अंतर आहे. उत्तम बॅटरीत पहिला फरक काही मिलिव्होल्टचा असतो आणि दुसरा दोन-तीन अंशांचा. खराब बॅटरीत कडेचं मॉड्यूल ३४ अंशांवर आणि मधलं ४५ वर दिसतं. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगतो: गाडी त्या ४५ वाल्याच्या हिशोबाने चालते. बाकीचे सगळे सेल तयार असले तरी सर्वांत तापलेला सेल सगळ्यांची पॉवर ठरवतो, आणि म्हाताराही तोच आधी होतो. म्हणून महाग गाडीत प्रत्येक मॉड्यूलखाली कूलंटची वाट मोजून आखलेली असते आणि सेल व प्लेट यांच्यात उष्णता वाहून नेणारी पेस्ट सारखी पसरलेली असते. भर उन्हात नुसता रेडिएटर पुरत नाही, म्हणून एसीचा गॅस बॅटरीच्या कूलंटला गार करायला वळवतात. खानापूर-आटपाडीच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, डांबर त्याहून तापतं. तिथे ही सोय रोज कामाला येते.

मोटरबद्दल थोडक्यात. तुमच्याकडे पाणबुडी मोटर रिवाइंड करणारी दुकानं पाहिली असतील. तिथे खोबणीत गोल तारेचे वेढे भरतात आणि तारांच्या मधे हवा राहते. टायकनच्या मोटरीत चौकोनी तांब्याच्या पट्ट्या केसांच्या आकड्यासारख्या वाकवून बसवतात. पोर्शेच्या सांगण्यानुसार खोबणीत तांब्याचं प्रमाण ४५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत जातं. तेवढ्याच जागेत जास्त करंट आणि उष्णता बाहेर पडायला सलग वाट. बीएमडब्ल्यूने वेगळा रस्ता धरला. आय७ च्या मोटरीत कायमचं चुंबकच नाही, रोटरला वीज देऊन चुंबकत्व तयार करतात. अति तापल्यावर चुंबक कमजोर होण्याची भीतीच त्यात उरत नाही. दोन्ही मार्ग मला पटतात. टायकनच्या मागच्या मोटरीला दोन गिअर आहेत, ही इलेक्ट्रिकमध्ये विरळा गोष्ट: एक सुसाट निघायला, दुसरा वरच्या वेगात मोटर फार फिरू नये म्हणून.

आता ब्रेक. यावर कुणी नीट बोलत नाही, आणि आपल्या साताऱ्याच्या घाटांत याचं मोल सर्वांत जास्त. पसरणी घाट घ्या. पाचगणी ते वाई साधारण सहाशे मीटरची उतरण. माणसांसकट २,४०० किलोची गाडी तेवढं खाली आली की जवळपास चार युनिट ऊर्जा मोकळी होते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत यातली बरीचशी डिस्कवर जळते, म्हणून वाईत उतरल्यावर चाकांपाशी तो करपट वास येतो. इलेक्ट्रिक गाडीत रस्त्याच्या आणि हवेच्या घर्षणात जाते तेवढी सोडली तर उरलेली बरीचशी बॅटरीत परत येते. २०२४ च्या टायकनमध्ये मोटरी ४०० किलोवॅटपर्यंत ब्रेक मारू शकतात. रोजच्या वापरात डिस्कला पॅड क्वचितच लागतो.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर १०० टक्के चार्ज करून सकाळी घाट उतरायला निघू नका. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज घ्यायला जागा नसते, मोटरीचा ब्रेक कमी होतो आणि एवढ्या वजनाचा सगळा भार डिस्कवर पडतो. गाडी सुरक्षित राहते, ब्रेक सक्षम असतात, पण पेडल दाबण्याची सवय बदललेली असल्याने चालवणारा दचकतो. ऐंशी टक्क्यांवर निघा. दुसरं, पॅड लागत नाही म्हणून पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा, मागे कुणी नसताना, ब्रेक जरा ठाम दाबून डिस्क पुसून घ्या.

लक्झरीचा भाग माझ्या कामाचा नाही, तरी एक सांगतो. इंजिनाचा आवाज गेला की वारा, टायर आणि एसीच्या पंख्याचा आवाज उघडा पडतो. म्हणून दुपदरी काचा, दारांची जास्तीची रबरं, टायरच्या आत फोम, आणि हवेला कमीत कमी अडवणारा आकार. ईक्यूएसचा ड्रॅग, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा आकडा, ०.२० आहे, टायकनचा ०.२२. हायवेवर बॅटरी पुरते ती यामुळे. ईक्यूएसची मागची चाकं दहा अंशांपर्यंत वळतात, त्यामुळे ३.२ मीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) असूनही विट्याच्या बाजारपेठेत ती वळवणं वाटतं तितकं अवघड जात नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, विट्यात चालेल का. चालेल, पण गाडी बुक करण्याआधी घरची वीज बघा. या गाड्या थ्री फेजवर ११ किलोवॅटने चार्ज होतात. संध्याकाळी वीस टक्क्यांवर लावली तर पाच-सहा तासांत ऐंशीला जाते. त्यासाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. मळ्यातल्या घरी गाडी उभी राहणार असेल तर शेतीपंपाच्या कनेक्शनवर ती चार्ज करू नका. शेतीला थ्री फेज चोवीस तास नसतंच, आणि शेतीच्या दराची वीज गाडीला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. घरगुती किंवा चार्जिंगचं वेगळं मीटर घ्या.

अर्थिंगकडे माझं सर्वांत जास्त लक्ष असतं. मुरमाड जमिनीत फेब्रुवारीनंतर अर्थिंगचा खड्डा सुकतो, रोध वाढतो, आणि लाखो रुपयांची गाडी "चार्जिंग बंद" असं दाखवून उभी राहते. मालक गाडीला दोष देतो, गाडी मात्र त्याचा जीव वाचवत असते. चार्जरसाठी स्वतंत्र अर्थिंग करा, रोध पाच ओहमच्या आत आहे का ते मीटर लावून मोजून घ्या आणि डीसी गळती ओळखणारा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. आपल्याकडे वादळी पावसात एक फेज जाणं नेहमीचं. तेव्हा चार्जर आपोआप थांबला पाहिजे. इलेक्ट्रिशियनला एक फेज काढून तुमच्यासमोर ते दाखवायला सांगा.

रस्त्यावरचं चार्जिंग. विटा ते पुणे, कराड-सातारा मार्गे, दोनशेच्या वर किलोमीटर. ईक्यूएस ५८० चा भारतातला चाचणीचा आकडा ८५७ किलोमीटर आहे, युरोपच्या चाचणीचा त्याहून बराच कमी. एसी लावून, शंभरच्या वेगाने, माणसं-सामानासह चालवलंत तर युरोपच्या आकड्यापेक्षाही थोडं कमीच धरा. टायकन साधारण साडेतीनशे ते चारशे देईल. म्हणजे पुण्याला जाऊन परत यायला टायकनला एकदा चार्जिंग लागेल, ईक्यूएसला बहुधा नाही.

२०२४ ची टायकन ३२० किलोवॅटने चार्ज घेऊ शकते आणि १० वरून ८० टक्के १८ मिनिटांत होते, हे खरं आहे. पण तो चार्जर रस्त्यावर हवा. आपल्या महामार्गावर अजून बऱ्याच ठिकाणी ३० आणि ६० किलोवॅटचेच चार्जर आहेत, आणि १२० वाल्याच्या दोन्ही गन लागल्या की बहुतेकदा प्रत्येकाला निम्मं मिळतं. त्यातही ८०० व्होल्टच्या गाडीसाठी एक खाचखळगा आहे. चार्जरवरच्या पाटीवर किलोवॅटच्या शेजारी व्होल्टचा आकडा असतो, तो वाचा. १००० असेल तर ठीक. ५०० असेल तर गाडीला आतल्या बूस्टरने व्होल्टेज चढवावं लागतं. आधीच्या टायकनमध्ये हा बूस्टर मूळ ५० किलोवॅटचा होता आणि १५० चा पैसे भरून मिळायचा. जुनी टायकन बघत असाल तर हा पर्याय घेतलेला आहे का ते आधी विचारा.

रस्त्यांबद्दल मला काळजी वाटते ती पोटाची. बॅटरी तळाला पसरलेली असते आणि गावोगावचे स्पीडब्रेकर कुठल्याच मापात नसतात. एक गाडी माझ्याकडे ट्रकवर आली होती. तळाच्या अॅल्युमिनियम पत्र्याला हाताच्या पंजाएवढा पोचा, वरून किरकोळ दिसणारा. पत्रा काढला तर त्याच जागी कूलंटची नळी चिमटली होती, थेंब थेंब गळून कनेक्टरमध्ये ओल गेली होती आणि इन्सुलेशनचा रोध इतका खाली आला होता की गाडीने स्वतःला बंद करून घेतलं. त्या माणसाने धडकेनंतर गाडी थांबवून लगेच तपासली असती तर काम नळी आणि पत्र्यावर भागलं असतं. म्हणून एअर सस्पेन्शन असलेलीच गाडी घ्या, विम्यात बॅटरीच्या तळाचं नुकसान धरलंय का ते वाचून घ्या, आणि २१ इंची चाकांचा मोह सोडा. लहान रिम, जाड टायर. बहुतेकांत स्टेपनी नसते आणि त्या मापाचा टायर विट्यात-सांगलीत लगेच हाताशी येत नाही. ऊस गळिताच्या दिवसांत, रात्री दिव्याविना चाललेल्या ट्रॉल्या आणि चिखलाने माखलेला रस्ता असताना, ट्रॅक्शन कंट्रोल कधीही बंद करू नका. एवढा टॉर्क ओल्या मातीवर क्षणात चाक फिरवतो.

गाडी बंद पडली तर टोचन करू देऊ नका. क्रेनवाला सवयीने पुढची चाकं उचलून ओढायला निघतो. चुंबकाची मोटर जमिनीवरच्या चाकांबरोबर फिरली की जनरेटर होते आणि इन्व्हर्टरवर व्होल्टेज ढकलते. चारही चाकं वर असणारा फ्लॅटबेडच मागवा आणि त्याचा नंबर आधीच जवळ ठेवा. सांगलीत गावभागात किंवा मारुती चौकाकडे नातलगांकडे गाडी ठेवत असाल तर कृष्णेच्या इशाऱ्याकडे लक्ष द्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं होतं. बॅटरीचं आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही नव्या सीलवर. पुरात पाणी दिवसेंदिवस उभं असतं. भिजलेली गाडी सुरू करू नका, चार्जला लावू नका, घरापासून लांब उभी करून माणूस बोलवा.

कोणती घ्यावी? तुम्ही मागे बसून मुंबई-पुण्याला जाणार असाल तर ईक्यूएस किंवा आय७. ईक्यूएस ५८० चाकणला जुळवली जाते आणि तिच्या बॅटरीला दहा वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटरची वॉरंटी आहे, हे माझ्या दृष्टीने मोठं कारण. स्वतः चालवणार असाल आणि पसरणी, कुंभार्लीसारख्या घाटांत जीव रमत असेल तर टायकन. तिची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर. या दोन्हींत मधलं काही नाही, म्हणून आधी स्वतःला हेच विचारा की स्टिअरिंगवर कोण बसणार. आणि जुन्या बाजारात या गाड्यांचे भाव लवकर उतरतात, तेव्हा तीन वर्षांनी विकायचा विचार असेल तर नवी घेऊ नका. बॅटरीचा आरोग्य अहवाल पाहून दोन वर्षं वापरलेली घ्या.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी गारव्यात घेऊ नका. एप्रिलच्या दुपारी मागा. तासभर हायवेवर चालवा, एखादा घाट चढवा, मग लगेच मोठ्या फास्ट चार्जरला लावा आणि दर पाच मिनिटांनी स्क्रीनवरचा किलोवॅटचा आकडा कागदावर लिहा. पन्नास टक्क्यांपर्यंत आकडा टिकून राहिला तर गाडीचं थंडीकरण चोख आहे. दहाव्या मिनिटालाच निम्म्यावर आला तर सेल्समनला कारण विचारा. चार्जर कमी पडतोय की बॅटरी तापलीय, हे त्याला स्क्रीनवर दाखवता आलं पाहिजे. तो कागद मला पाठवलात तर मी बघून सांगेन.